२७.४६ मिलिमीटर

एम-४२ हा लेन्स कॅमेऱ्यावर फिरवून बसवायचा आटा अगदी साधा आहे. व्यास ४२ मिलिमीटर, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. १९४९ साली ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्यावर तो आला आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं प्राक्टिका, झेनिट, पेन्टॅक्स, फुजिका, चिनॉन, याशिका अशा कितीतरी कॅमेऱ्यांनी तोच वापरला. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर सरळ फिरवून बसायची. आज फोटोग्राफी शिकणाऱ्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. पण आमच्या बेळगावात ते समजायला वेळ लागत नाही. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही टर्नरला ‘बेचाळीस बाय एक’ एवढं म्हटलं की त्याचे प्रश्न दोनच उरतात. मटेरियल कुठलं आणि नग किती.

माझं उत्तर होतं ॲल्युमिनियम, आणि नग एक.

मला हवी होती एक रिंग. जुनी लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवायची तर मधे काय लागतं हे मी मामांना (ज्यांचं ते लेथ, त्यांना सगळे मामाच म्हणतात) कागदावर काढून दाखवलं. एम-४२ मध्ये लेन्स जिथं कॅमेऱ्याला टेकते तिथपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर ठरलेलं असतं. मधल्या आरशाला वर उचलायला जागा हवी म्हणून ते एवढं. माझ्या कॅमेऱ्यात आरसा नाही. सोनीच्या ई-माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसायची जागा) तेच अंतर १८ मिलिमीटर आहे. वजाबाकी केली की २७.४६ उरतात. तेवढ्या लांबीची पोकळ नळी मधे आली की सेन्सर बरोबर तिथं येतो, जिथं त्या लेन्सला फिल्म अपेक्षित होती. नळीत काच नाही, वायर नाही, चिप नाही. आत फक्त हवा आहे, आणि ती किती जाड असावी एवढंच ठरवायचं आहे.

जुन्या लेन्सचा हा सगळा पुनर्जन्म या एका वजाबाकीवर उभा आहे. आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळात ती प्रत्येकाला जमत नव्हती. निकॉनच्या एफ-माउंटचं अंतर ४६.५ मिलिमीटर, म्हणजे एम-४२ पेक्षा जास्त. त्यामुळे लेन्स सेन्सरपासून जरा लांबच राहते आणि मधे भिंग घातल्याशिवाय दूरचं काही फोकसमध्येच येत नाही. कॅननच्या ईएफचं ४४, तिथं दीड मिलिमीटरहून बारीक अशी पातळ चकती पुरायची. २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स या पद्धतीचे बिनआरशाचे कॅमेरे आले, २०१० मध्ये सोनीचे, आणि २०१३ मध्ये सोनीनेच पूर्ण ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरचा बिनआरशाचा कॅमेरा काढला. आरसा गेला, जागा मोकळी झाली आणि जगभरच्या कपाटांतल्या लेन्स एकदम कामाच्या झाल्या.

रिंग विकत मिळते. स्वस्तही मिळते. मग लेथवर कशाला? कारण बाजारातल्या बऱ्याच रिंगा मुद्दाम थोड्या आखूड ठेवतात. लांबी जास्त झाली तर डोंगर कधीच स्पष्ट होत नाही आणि गिऱ्हाईक ओरडतं. कमी झाली तर लेन्स ‘अनंत’च्या खुणेच्या अलीकडेच अनंतावर फोकस करते आणि बहुतेकांना कळतही नाही. पण लेन्सवर कोरलेले मीटरचे आकडे मग खोटे पडतात. ५८ मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्सला रिंग एक दशांश मिलिमीटर आखूड असली तर अनंत ३४ मीटरच्या जागी येऊन बसतं. २८ मिलिमीटरच्या लेन्सला तीच चूक असली तर आठेक मीटरवर. ज्याला आकडे बघून फोकस करायचा आहे त्याच्या दृष्टीने ती लेन्स निम्मी गेली.

मामांनी कागद बघितला आणि लांबीबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, "लांबी पॉइंट झिरो टूमध्ये देतो की. पण दोन्ही तोंडं समांतर पाहिजेत नव्हं? नाहीतर एका बाजूचा फोटो गुळगुळीत येईल तुझा." फोटोग्राफी त्यांनी कधी केलेली नाही. आयुष्य हायड्रॉलिकच्या पार्टांत गेलं. तरी लेन्स तिरकी बसली तर चित्राची एक कड फोकसबाहेर जाते, हे त्यांनी नुसतं कागदावरून ओळखलं. त्यांनी आधी एक मँड्रेल, म्हणजे रिंग धरायचा दांडा, वळली, तिच्यावर बेचाळीसचे आटे पाडले, रिंग त्याच आट्यांवर चढवली आणि मग मागचं तोंड फेस केलं, म्हणजे सपाट कापलं. कॅमेऱ्यात अडकणारं तीन कानांचं बायोनेट लेथवर होण्यासारखं नसतं. ते एका बाजारी अडॅप्टरचं सोडवून स्क्रूंनी बसवलं आणि त्याची जाडी धरून लांबी काढली. नंतर दिव्याकडे धरून रिंगेत डोकावले आणि म्हणाले, "आत चकाकतंय. उजेड आपटतोय." पुन्हा चकमध्ये धरून आतून बारीक खाचा पाडल्या, म्हणजे आडवा आलेला प्रकाश सरळ सेन्सरवर न जाता खाचांत अडकावा. वर मॅट काळा रंग. दुर्बिणी आणि महागड्या लेन्सच्या नळ्यांत आतून हेच केलेलं असतं. मामांना ते कुणी शिकवलं नव्हतं.

लेन्स होती आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदार काकांची. १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, त्यामुळे इकडच्या गल्ल्यांत आणि आसपासच्या गावांत फौजी घरं पुष्कळ, आणि प्रत्येक फौजी घरात एक काळी ट्रंक असतेच, वर पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेली. काकांच्या ट्रंकेत झेनिट-ई होता. सोव्हिएत कॅमेरा. काकांनी पोस्टिंगवर असताना घेतला, पोरांची बारशी काढली, यळ्ळूरची जत्रा काढली, मग ठेवून दिला. कॅमेऱ्याचा कापडी पडदा विरला होता, प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा काटा हलत नव्हता. पण समोर लावलेली हेलिओस-४४-२, ५८ मिलिमीटर, एफ २, तशीच होती. कड्यावर रशियन अक्षरं. नंबरचे पहिले दोन अंक ७९; त्या कारखान्यांत बहुधा याच दोन अंकांनी वर्ष सांगितलेलं असतं.

ही रचना मूळची जर्मन. झाइसच्या विली मेर्टे यांच्या बायोटारवरून सोव्हिएत कारखान्यांनी ती घेतली आणि लाखोंनी लेन्स बनवल्या. सहा भिंगं, चार गटांत. ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या भोकाच्या, आठ पात्या. पुढे दोन रिंगा: एकीवर कुठपर्यंत बंद करायचं ते आधी ठरवून ठेवायचं आणि दुसरी डोळा न हलवता फिरवायची. उघडून फोकस करा, ठरलेल्या जागेपर्यंत बंद करा, बटण दाबा. हे सगळं पितळ, ॲल्युमिनियम आणि ग्रीस यांच्यावर चालतं. कॅमेऱ्याला समोर लेन्स आहे हेही कळत नाही. मेनूत जाऊन ‘लेन्स नसली तरी शटर चालू दे’ असं सांगावं लागतं आणि हादरा सांभाळणाऱ्या यंत्रणेला ५८ हा आकडा हाताने द्यावा लागतो. एक्सपोजरची अडचण नाही. कॅमेरा आत येईल तेवढा प्रकाश मोजतो आणि शटर स्वतः ठरवतो.

फोकस मात्र आपला. या लेन्सची खरी गोष्ट इथं सुरू होते असं मला वाटतं.

नवा कॅमेरा डोळा ओळखतो, धरतो, माणूस हलला तरी सोडत नाही. लग्नाच्या मांडवात, पैसे घेऊन काम करताना, मी तोच वापरतो आणि वापरत राहीन. अक्षता पडायच्या क्षणी हाताने रिंग फिरवत बसणं म्हणजे नवरा-नवरीवर अन्याय आहे. पण त्या वेगात अंतर नावाची गोष्ट फोटोग्राफरच्या शरीरातून निघून जाते. समोरचा माणूस एक मीटरवर आहे की दीड, हे कळायचं कारणच राहत नाही. हेलिओस पूर्ण उघडी, म्हणजे एफ २ वर, एक मीटरवरच्या चेहऱ्यावर धरली तर स्पष्ट दिसणारी खोली साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असते. बुबुळ धरलं तर कान गेला. कॅमेरा मदतीला स्पष्ट कडा लाल रंगवून दाखवतो, पण जुन्या काचेचा कॉन्ट्रास्ट मवाळ असल्यामुळे तो रंग पूर्ण उघड्या ॲपर्चरवर बऱ्याचदा भलत्या जागी भरवसा देतो. मी चित्र मोठं करून पापणी बघतो. आणि शेवटचा फरक रिंगेने नाही, कमरेतून घालवतो. एक बोट पुढं वाकायचं, पापणी चमकली की दाबायचं.

वडगावात मागवाल्यांच्या घरी हे शिकलो. तिथं आता बहुतेक यंत्रमागच आहेत, खटखट रस्त्यावरून ऐकू येते, पण काही घरांत दाराशी बसून रहाटावर कांड्या भरणाऱ्या आज्ज्या अजून दिसतात. दारातून येणारा एकच उजेड, हवेत सुताचा कोंडा आणि सतत हलणारा हात. पहिल्या भेटीत त्या आज्जी माझ्याकडे बघून वैतागल्या. "किती बगतोस बाळ त्यातनं? काढून टाक की." घरात कानडी, माझ्याशी मराठी, आणि नातवाला ओरडताना दोन्ही एका वाक्यात. मी म्हटलं, आज्जी, हाताने जुळवायला लागतंय, जरा वेळ जातो. त्यावर रहाट न थांबवता म्हणाल्या, "आमच्या लग्नाचा फोटो काढला तवा असंच. हलू नको, हलू नको म्हणून मान अवघडली." आणि मग त्या लग्नाचं सांगत बसल्या. खडेबाजारातून फोटोवाला आला होता, त्याने सासऱ्यांना तीनदा टोपी नीट करायला लावली, फोटो आला तेव्हा सासरे हयात नव्हते. हे सगळं बोलणं मी रिंग फिरवत असताना झालं. ऑटोफोकस असता तर फोटो पहिल्या मिनिटात झाला असता आणि मी पाया पडून बाहेर आलो असतो.

हा जो वेळ मधे पडतो त्याला दोष म्हणतात, ते मला पटत नाही. माणसाला बघितलं जातंय हे कळायला तेवढा वेळ लागतो. आधी तो कॅमेऱ्यासाठी चेहरा करतो, मग कंटाळतो, मग चेहरा सोडून देतो. मला तो तिसरा चेहरा हवा असतो आणि या लेन्सचा वेग त्याच्याशी जुळतो.

जुन्या स्टुडिओवाल्यांना हे अंतर पाठ होतं. आमच्याकडे पेन्टॅक्स के-१००० आणि याशिका घेऊन खानापूर, नंदगड, चिकोडीपर्यंत एसटीने लग्नाला जाणारे एक काका आहेत. ते खोलीत शिरल्या शिरल्या म्हणतात, "खिडकीपाशी बसलाय तो साडेतीन मीटर." टेप लावून बघितलं तर बोटभर फरक. ही काही सिद्धी नाही, तो फ्लॅशचा हिशेब होता. तेव्हाच्या साध्या फ्लॅशला एक गाइड नंबर असायचा. त्याला अंतराने भागलं की ॲपर्चर मिळायचं. २८ चा फ्लॅश, माणूस साडेतीन मीटरवर, म्हणजे एफ ८. अंतर चुकलं तर नवरीचा चेहरा जळायचा किंवा काळा पडायचा, आणि ते कळायचं आठ दिवसांनी, फिल्म धुतल्यावर. एका रोलमध्ये ३६ फोटो. अशा शाळेत डोळा तयार होतोच. काकांच्या हातात मी हेलिओस दिली तेव्हा त्यांनी व्ह्यूफाइंडरला डोळाच लावला नाही. आधी माझ्याकडे पाहिलं, रिंग फिरवली, आणि मगच कॅमेरा उचलला. फोटो फोकसमध्ये होता.

त्यांच्याकडूनच मी वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक काढायची पद्धत घेतली. ज्यांनी बेळगावची ती रात्र पाहिलेली नाही त्यांना सांगतो: गल्लोगल्लीची मंडळं जिवंत देखावे घेऊन निघतात, मावळे, घोडे, मशाली, ढोल, आणि पहाट झाली तरी रस्ता हलत नाही. तिथं ऑटोफोकस मशालीच्या मागे धावतो, धुरावर अडकतो, मधे आलेल्या माणसाच्या पाठीवर बसतो. मी २८ मिलिमीटरची जुनी मॅन्युअल लेन्स लावतो, एफ ४, रिंग तीन मीटरवर, आणि पुन्हा तिला हात लावत नाही. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर साधारण दोन मीटरपासून साडेपाच मीटरपर्यंत सगळं चालण्यासारखं स्पष्ट येतं. लेन्सवरच्या खोलीच्या रेषा फिल्मच्या, छोट्या प्रिंटच्या काळातल्या आहेत. आजच्या सेन्सरवर मोठं करून बघणाऱ्याने ॲपर्चर एक पायरी जास्त बंद करून त्या वाचाव्यात. पण मिरवणुकीत एवढा काटेकोरपणा कुणाला हवा? माझ्या डोक्यात एकच माप असतं, तीन मीटर, आणि मी माझे पाय त्या मापात ठेवतो. घोडा जवळ आला तर मागे सरकायचं. ते तसंही शहाणपणाचंच.

आता काचेबद्दल, कारण यावर फार सैल बोललं जातं. जुन्या लेन्सला ‘आत्मा’ असतो, असं म्हणून लोक थांबतात. तिला असतं ते कमी कोटिंग, म्हणजे परावर्तन कमी करणारा काचेवरचा पातळ थर. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. हेलिओससारख्या रचनेत हवेला लागलेली आठ पृष्ठं आहेत. कोटिंग अजिबात नसेल तर चौथ्या हिश्शाहून जास्त प्रकाश वाटेतच उलटा फिरेल, आणि त्यातला काही इकडेतिकडे आपटून चित्रावर पातळ पांढरा थर देईल. एकपदरी कोटिंगने हे प्रत्येक पृष्ठामागे दीडेक टक्क्यावर येतं, बहुपदरीने त्याहून पुष्कळ खाली. सुभेदार काकांची लेन्स एकपदरी, आणि सूर्य समोर असला की ती ते लपवत नाही.

कोटिंगची मूळ गोष्ट मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये डेनिस टेलर यांच्या लक्षात आलं की वापरून वापरून डाग पडलेली, काळपट झालेली जुनी भिंगं नव्या लखलखीत भिंगांपेक्षा जास्त प्रकाश आत सोडतात. हवेनं काचेवर जो पातळ थर चढवला होता तो परावर्तन कमी करत होता. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी असा थर निर्वात पोकळीत मुद्दाम चढवायची रीत आणली. म्हणजे काच म्हातारी झाल्यामुळे सुधारली, हे आधी दिसलं आणि मग माणसाने ते हाताने करायला सुरुवात केली.

हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात मी दोन्ही लेन्स लावून पाहिल्या आहेत. बाहेर दुपारचा उजेड, आत काळा दगड. नव्या लेन्सने बाहेरचं आवार पांढरंफेक आणि आतला दगड काळाकुट्ट. हेलिओसने दाराच्या कडेचा उजेड आतल्या सावल्यांवर हलका पसरला आणि मूर्तीची घडण हळूच वर आली. काही जण म्हणतात ही लेन्स जास्त तपशील देते. ते खरं नाही. सावलीत नसलेला तपशील ती आणू शकत नाही. ती फक्त त्यावर प्रकाशाचा पातळ पदर टाकते. पण देवळात उभं राहून डोळ्याला जे जाणवतं त्याच्या ते जास्त जवळ आहे, आणि मला एवढं कारण पुरेसं आहे. उलट बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, १२०४ सालच्या त्या छतावरच्या दगडी कमळासाठी, मी नवीच लेन्स घेतो. तिथं प्रत्येक पाकळीची धार महत्त्वाची आहे. मवाळपणा तिथं मदत करत नाही, धार पुसतो.

हेलिओस ज्या गोष्टीसाठी जगभर मागितली जाते ती मात्र मला कमी भावते. मागची पानं गरगर फिरल्यासारखी दिसतात ना, ती. कडेच्या भागात लेन्सची नळीच प्रकाशाचा गोल कापते, त्याचे बदाम होतात, आणि फोकसचं प्रतल वाकडं असल्यामुळे ते बदाम मध्याभोवती फेर धरतात. जांबोटी-कणकुंबीच्या रानात, बांबूच्या पानांसमोर माणूस उभा केला की हे हमखास येतं. एक-दोनदा छान वाटतं. मग लक्षात येतं की बघणारा माणसाकडे बघतच नाही, भोवऱ्याकडे बघतो. लहान, एपीएस-सी सेन्सरवर कडा कापल्या जातात आणि ५८ ची लेन्स ८७ सारखी वागते, तेव्हा हा फेर बराच मावळतो. मला ती तशी जास्त आवडते.

याच रानातला पाऊस लेन्सचा वैरी आहे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथून बेळगावापर्यंत जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि तीच बुरशी काचेवर चढते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शाखा, कडेपासून मध्याकडे. ती नुसती दिसत नाही, ती आम्ल सोडते आणि कोटिंग खाते. वेळेत काढली नाही तर काचेवर कायमचा ओरखडा राहतो. बेळगावात ज्यांच्या घरी जुने कॅमेरे आहेत त्यांनी ते प्रेमाने चामड्याच्या केसमध्ये ठेवले आहेत. त्याहून वाईट जागा नाही. चामडं ओल धरून ठेवतं. सुभेदार काकांची लेन्स वाचली कारण काकूंनी केस जुनी दिसते म्हणून केव्हाच फेकली होती आणि ट्रंकेतल्या लोकरी कपड्यांत लेन्स गुंडाळून ठेवली होती.

पण त्याच ट्रंकेतून निघालेल्या दुसऱ्या एका १३५ मिलिमीटरच्या लेन्सला बुरशी होती आणि पात्यांवर तेल पसरलं होतं. ती उघडली आमच्या बाजारातल्या एका घड्याळजींनी. कॅमेरा दुरुस्त करणारे इकडे आता शोधूनही मिळत नाहीत, आणि मोठ्या शहरात पाठवली तर दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीवर जातो. घड्याळजींनी लेन्स उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "घड्याळापेक्षा सोपं आहे. फक्त घाई नको." पुढची नावाची रिंग रबराच्या बुचाने फिरवून काढली. प्रत्येक भिंग निघताना त्याची वरची बाजू पेन्सिलने कडेला खूण करून ठेवली. फोकसचे आटे वेगळे होताना ते नेमके कुठं सुटले तिथं दोन्ही नळ्यांवर रेघ ओढली, कारण या आट्यांना अनेक तोंडं असतात, पाहिजे त्या तोंडाने आत जातात आणि त्यातलं एकच बरोबर असतं. पात्या घड्याळाच्या पेट्रोलमध्ये धुतल्या आणि कोरड्या बसवल्या. मी तेलाचा थेंब विचारला तर मान हलवली. पात्यांना तेल नको, तेलानेच चिकटल्या होत्या. बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या मिश्रणाने गेली, मध्यावर एक फिकट वण तेवढा राहिला. तो फोटोत दिसत नाही.

हे सगळं लांबवून सांगायचं कारण एकच आहे. ही काच टिकली ती जर्मन किंवा रशियन किंवा जपानी असल्यामुळे नव्हे. ती उघडता येते, आणि उघडल्यावर आपल्या गावातल्या माणसाला ती कळते, म्हणून टिकली. मामांनी कधी लेन्स पाहिली नव्हती, घड्याळजींनी कधी फोटो काढला नव्हता, तरी दोघांना त्यात अनोळखी काही सापडलं नाही. माझी नवी लेन्स हिच्याहून किती तरी धारदार आहे. पण वीज गेली की तिची फोकसची रिंग नुसती फिरते, आतलं भिंग जागचं हलत नाही, ॲपर्चरही बंद होत नाही. तिचा सर्किट बोर्ड गेला आणि कंपनीने पार्ट बंद केला तर उद्यमबागेतल्या कुणाच्या हातात काही नाही. हे मला टोचतं, कारण उद्यमबाग सुधारत चालली आहे. मामांच्या शेजारच्या शेडमध्ये आता संगणकावर चालणारी सीएनसी मशिनं आहेत, उत्तम काम करतात, हजारो नग एकसारखे काढतात, पण एका नगासाठी प्रोग्रॅम कोण लिहील? घड्याळजींच्या दुकानात शिकाऊ मुलगा नाही. स्टुडिओवाल्या काकांकडचं मीटर-ओळखणं कुणी मागून घेतलेलं नाही. मी थोडं मागून घेतोय. लेथवर आटा पाडायला अजून जमत नाही, पण हेलिकॉइड, म्हणजे ते फोकसचे आटे, कुठं सुटतं ते आता हाताला कळतं.

जपानी लेन्सबद्दल एक सांगायचं राहिलं, कारण निपाणी-संकेश्वरकडून ती बऱ्याच जणांकडे निघते. सुपर टाकुमार ५० मिलिमीटर, एफ १.४. तिच्या सात भिंगांच्या आवृत्तीत किरणोत्सारी थोरियम घातलेली काच आहे. ती वर्षानुवर्षांनी चहासारखी पिवळी होते आणि लोक खराब म्हणून टाकून देतात. टाकू नका. अतिनील प्रकाशाने हा पिवळेपणा बराचसा जातो. एप्रिल-मेचं आपलं ऊन त्याला पुरतं, काही दिवस सलग ठेवली की झालं. फक्त दोन्ही झाकणं काढून खाली ॲल्युमिनियमचा कागद ठेवा आणि तिथून हलू नका, कारण भिंग ते भिंगच, उन्हात खालचं काहीही पेटवेल. किरणोत्सार थोडा आहे, कॅमेऱ्यावर लावून वापरायला भ्यायचं कारण नाही. काच घासू नये आणि उशाशी ठेवून झोपू नये एवढंच.

तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, बंद पडलेल्या स्टुडिओच्या कपाटात असं काही असेल तर आधी चामड्याच्या केसमधून बाहेर काढा. लेन्स काढून मोबाइलचा टॉर्च मागून लावा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे कण दिसतील, त्यांनी काही बिघडत नाही. जाळं दिसलं तर बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा. पात्या चटकन मिटतात का ते बघा. मग झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि आठवड्यातून एकदा उजेडाला काढा. रिंग फिरत नसेल तर पान्याने जोर लावू नका. आतलं ग्रीस वाळलेलं असतं, ते धुऊन निघतं.